आधी खोड सांगा

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात एखादा अनोळखी माणूस म्हशीचे दात बघायला आला, तर त्याला चहा पाजतात. पण तोच माणूस तुमची आजी कशानं गेली असं विचारू लागला, तर बायका पदर सावरतात आणि पुरुष खाकरतात. असल्या चौकश्या दोनच वेळी होतात... एक तर पोलीस केसमध्ये, नाहीतर सोयरिकीत.

त्या शुक्रवारी ऑक्टोबरचा परतीचा पाऊस आडवातिडवा आला. हन्ना उजागरे ताडपत्रीखाली एका म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला बसवत होती. बिल्ल्याशिवाय जनावर बाजारातून हलत नाही, आणि बिल्ला मारावा तर हन्नानंच, असं सगळ्या दलालांचं म्हणणं होतं. तिच्या हाताखाली म्हैस कानसुद्धा झटकत नसे. तेवढ्यात छातीशी एक पांढरी पेटी कवटाळून एक तरुण ताडपत्रीखाली शिरला. पेटी कोरडी ठणठणीत होती. तो मात्र केसांपासून बुटांपर्यंत निथळत होता.

स्वतः भिजून पेटी वाचवतोय म्हणजे पेटीत काहीतरी आहे, हन्नाच्या मनात आलं.

"दुखत नाही का तिला?" त्यानं म्हशीकडे बघत विचारलं.

"तुम्हाला टोचून बघू?"

तो हसला. हसताना त्याच्या पापण्यांवरचं पाणी गालावर ओघळलं. "नको. मला उलटी सवय आहे. मी टोचतो."

"जनावरांना?"

"माणसांना."

त्याचं नाव कल्याण चक्रनारायण. राहणारा जामखेडचा, सध्या सोनईत खोली घेऊन होता. पुण्याच्या एका संस्थेचं काम होतं. थायरॉईडचा आजार काही घरांत रक्तातून चालत येतो; तो किती जणांत लपून बसलाय हे बघण्यासाठी तालुक्यातल्या गावागावांत रक्त तपासायचं होतं. आजारी माणसांचंच नव्हे, धडधाकट माणसांचंसुद्धा.

"धडधाकट माणसाचं रक्त कशाला?" हन्नानं विचारलं.

"त्यालाच माहीत नसतं ना, आपण काय वाहून नेतोय ते."

"आणि फुकट?"

"फुकट."

फुकट म्हटल्यावर हन्नाचा संशय पक्का झाला. त्यातच बोलता बोलता त्याची नजर क्षणभर तिच्या गळ्यावर थांबली आणि झटकन बाजूला झाली. हन्नानं ओढणी वर ओढली. घातलीच बाई नजर नेमकी तिथं! दोन गिऱ्हाइकं अशीच आधी गळ्यावर थांबली होती आणि मग परत गेली होती.

गिऱ्हाइकं म्हणजे स्थळं. सातवीत असताना हन्नाचा गळा जरासा सुजला आणि तिला वर्गात झोप येऊ लागली. डॉक्टरांनी थायरॉईड सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. गोळी घेतली की हन्ना दिवसभर बाजार पायाखाली घाली. पण स्थळांना दिवसभराची हन्ना दिसत नसे, सकाळची गोळी दिसे. दुसऱ्या स्थळाच्या आईनं तर तोंडावर सांगितलं होतं, "जन्माची गोळी आमच्या घरात नको."

त्या दिवसापासून तिच्या वडिलांनी, इसहाकनानांनी, गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्यामागं ठेवायला सुरुवात केली. आणि ही गोष्ट हन्नाला सगळ्यात जास्त लागली होती. कारण इसहाकनाना म्हणजे अख्ख्या बाजारातला खरा माणूस. इथं म्हशीचा सौदा टॉवेलखाली होतो. दोघांनी हातात हात घ्यायचे, वरून टॉवेल टाकायचा आणि बोटं दाबून ठरवायचं. तिसऱ्याला पत्ता लागत नाही. पण इसहाकनाना आधी खोड सांगितल्याशिवाय टॉवेल टाकत नसत. ही लाथ मारते, हिचं एक सड बंद आहे, ही पान्हा चोरते... सगळं आधी. लोक त्यांच्या शब्दावर डोळे मिटून जनावर नेत. असा माणूस पोटच्या पोरीची खोड मात्र पिठाच्या डब्यामागं लपवत होता.

कल्याण गावात शिरला आणि तिसऱ्याच दिवशी गावानं त्याचं बिंग फोडलं. निदान गावाला तसं वाटलं. आजा कोण, आजी कुठली, कुणाची पोर कुणाला दिली, कुणाला काय दुखणं, हे सगळं वहीत लिहून घेणारा माणूस कोण असणार? म्हशींचा व्यापारी कानिफनाथ चहाच्या टपरीवर ठासून म्हणाला, "रक्ताचं नुसतं निमित्त हाय. कुणातरी मोठ्या घरचा सोयरिकीचा मानूस हाय त्यो. माझ्याकडून ल्हून घ्या."

मग काय, घरोघरी त्याच्यासमोर कांदेपोहे येऊ लागले. पोरींचे बारावीचे निकाल आले, शिवणाच्या क्लासची सर्टिफिकेटं आली. आणि आजाराचं विचारलं की सगळं गाव एका सुरात ठणठणीत.

उजागऱ्यांच्या घरी तो आला तेव्हा त्यानं पोह्यांच्या बशीकडे बघून हात जोडले. "सकाळपासून सातवी बशी आहे, नाना. एवढं निरोगी गाव मी अजून पाहिलं नाही."

"आमच्यात बी कुनाला काय न्हाई, साहेब," इसहाकनाना म्हणाले. "समदी ठणठणीत."

"तुमच्या आई? दगडाबाई ना?"

"म्हातारपनानं गेली."

"वय किती होतं?"

"असंल पन्नास."

कल्याणचं पेन थांबलं. भिंतीवर दगडाबाईंचा फोटो होता. ऐन उन्हाळ्यातला फोटो, पण पदर गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेला. त्यानं फोटोकडे पाहिलं, मग हन्नाकडे. हन्नानं जमिनीकडे पाहिलं. आणि त्यानं वहीतली ती जागा तशीच कोरी सोडली.

नाना बैलगाडीवाल्याशी बोलायला बाहेर गेले, तशी हन्ना वहीवर वाकली. पानभर चौकोन आणि गोल काढलेले होते.

"हे काय?"

"वंशावळ. माणूस चौकोन, बाई गोल. आजार असला की पूर्ण काळा भरायचा. स्वतःला त्रास नाही, नुसता रक्तातून पुढं नेतो, असा असला की अर्धा काळा. त्याला वाहक म्हणतात."

"आणि ही आडवी रेघ?"

"लग्न."

"माझ्या गोलाला रेघ नाही."

"अजून नाही..." तो म्हणाला, आणि त्याचे कान लालभडक झाले.

लाजतोय, की माहिती काढतोय? हन्नाला ठरवता येईना. पण त्या रात्रीच्या जेवणापर्यंत ती दोनदा उगीचच हसली, हे आईनं पाहिलं.

चार दिवसांनी ती एकटीच आरोग्य उपकेंद्रात गेली. रबरी पट्टा दंडाला बांधताना त्याची बोटं थंड होती, आणि जराशी कापतही होती.

"एवढ्या लोकांना टोचता, आणि हात कापतो?"

"सगळ्यांना नाही कापत."

हन्नानं तोंड फिरवलं, म्हणजे हसू दिसायला नको. मग एका दमात सांगून टाकलं — गोळी, सातवी, आजीचा गळा, सगळं. "पप्पांनी खोटं सांगितलं. मला खरं काय ते कळायला हवं. मला हे कुठून आलं, आणि माझ्या मुलांना होईल का. पण पप्पांना सांगायचं नाही."

"रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळतो. तुमच्या पप्पांनाही नाही, आणि उद्या लग्न ठरलं तर सासूलाही नाही."

सासू? ही सासू मध्येच कुठून आली? घरी जाताना हन्ना वाटभर तो एकच शब्द चघळत राहिली.

मग शुक्रवारमागून शुक्रवार गेले. कल्याण दर बाजारी यायचा. काम सोनईत असलं तरी यायचा, कांगोणीत असलं तरी यायचा. बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि ती बिल्ले मारायची तिथं म्हशीचं दावं धरून उभा राहायचा.

"तुम्हाला म्हशींची एवढी आवड?"

"म्हशींची नाही," तो म्हणायचा, आणि पुढचं गिळून टाकायचा.

हन्नाला ते गोड लागायचं आणि त्याच वेळी मन म्हणायचं, सांभाळ. गोड बोलणारा विकणारा तिनं जन्मभर पाहिला होता. एकदा तर तिनं त्याला टपरीमागं फोनवर बोलताना ऐकलं. "एंजू, जेवलीस का? ... सांग ना. सावकाश सांग, मला घाई नाही." इतक्या मायेनं बोलत होता, की हन्नाच्या हातून बिल्ला वाकडा बसला. म्हशीनं पहिल्यांदाच कान झटकला. बायको असणार. नाहीतर होणारी. मग इथं दावं धरून काय उभा राहतो मेला!

डिसेंबर लागला. दारादारांवर नाताळच्या कागदी चांदण्या लागल्या आणि इसहाकनानांनी नवं स्थळ आणलं. राहुरीचे पाहुणे दुसऱ्या रविवारी बघायला येणार होते. "गोळीचं काय बोलायचं न्हाई," नाना म्हणाले. ते हन्नाकडे न बघताच म्हणाले.

त्याच आठवड्यात उपकेंद्रातून निरोप आला.

कल्याणनं तिला बाकावर बसवलं, दार लोटलं आणि कागद पुढं ठेवला. "थायरॉईडचं संप्रेरक तयार करायला एक जनुक लागतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. आईवडिलांची एकेकच बिघडलेली, म्हणून त्यांना काही झालं नाही. यात कुणाची चूक नाही, हन्ना. तुमची तर नाहीच."

तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. एरवी तिला बरं वाटलं असतं.

"आणि मुलं?"

"नवऱ्याच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील, तर मुलांना आजार नाही. तो वाहक असेल तर..." त्यानं कागदाचा कोपरा दुमडला. "प्रत्येक मुलामागं आजाराची शक्यता दोनात एक. पण जन्मल्या जन्मल्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं आणि लगेच गोळी सुरू केली, तर ते पोर चारचौघांसारखं वाढतं. उशीर केला तर मात्र..."

कागद सारखे करायला त्यानं वही उचलली, आणि तिच्यातून एक घडी खाली पडली. हन्नानं ती उचलली. पेन्सिलीनं एक गोल काढला होता, पूर्ण काळा. त्याखाली तिच्या रिपोर्टवरचाच क्रमांक. शेजारी एक चौकोन, अर्धा काळा, बिननावाचा. दोघांमधली आडवी रेघ इतक्यांदा काढून पुसलेली, की कागद तिथं विरला होता.

हन्नाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे कानिफनाथ खरं बोलत होता तर!

"हा चौकोन कोण?"

त्यानं घडी परत घ्यायला हात पुढं केला.

"राहुरीचा मुलगा ना? त्यांनीच पाठवलंय तुम्हाला. माझं रक्त बघायला."

"नाही, हन्ना, तसं —"

"मग नाव सांगा."

त्याचे डोळे भरून आले होते, पण हन्नाला आता त्या डोळ्यांचाही भरवसा नव्हता.

"बाजारात म्हशीचे दात बघायचे तरी मालकाला विचारतात, साहेब," ती म्हणाली आणि निघून आली. उपकेंद्राच्या पायऱ्या उतरताना तिला रडू फुटलं. राहुरीचं स्थळ आता मोडणार याचं नव्हे. दावं धरून उभा राहणारा माणूसही शेवटी गिऱ्हाईकच निघाला, याचं.

शुक्रवार उजाडला. रविवारी राहुरीकर येणार होते. बाजारात धूळ, हंबरणं, टेम्पोचे हॉर्न. इसहाकनाना कानिफनाथाला एक म्हैस दाखवत होते.

"आधी खोड ऐक," नाना म्हणाले. "डाव्या अंगाचं मागचं सड बंद हाय. मग म्हनशील सांगितलं न्हाई."

हन्नाच्या हातातला बिल्ल्याचा चिमटा थांबला. "पप्पा, म्हशीची खोड सांगता. मग माझी का लपवता?"

नाना चपापले. कानिफनाथानं कान टवकारले. नानांचा आवाज एकदम खाली आला. "म्हस परत आली तर दावणीला बांधता येती, पोरी. तुला बघून दोनदा लोकं परत गेली. तिसऱ्यांदा मला बघवायचं न्हाई गं." आणि त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

हन्नाला त्यांच्यावर चिडायचं होतं. चिडता येईना.

तेवढ्यात समोरून कल्याण आला. आज हातात पेटी नव्हती, नुसती वही होती. तो हन्नासमोर येऊन उभा राहिला आणि भर बाजारात, धापा टाकत, म्हणाला, "तो चौकोन माझा आहे."

"काय?"

"मी. अर्धा काळा. मी वाहक आहे, तुमच्याच बिघाडाचा. एंजेला माझी बहीण. एंजू. चोवीस वर्षांची आहे. तिला तुमच्यासारखंच होतं, पण तुमचं सौम्य, सातवीत दिसलं; तिचं जन्मापासूनच जोरात होतं, आणि जन्मल्यावर कुणी तपासलं नाही. चार वर्षांची होईतो बोलेना, तेव्हा कळलं. आता गोळी घेते, शेळ्या राखते, खूप हसते... पण एक वाक्य पुरं करायला तिला वेळ लागतो. म्हणून मी ती पेटी घेऊन गावोगाव फिरतो."

सावकाश सांग, मला घाई नाही. हन्नाला टपरीमागचा तो फोन आठवला, आणि वाकडा बसलेला बिल्लाही.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुमच्या हातात रिपोर्ट देऊन त्याच बाकावर मागणी घालू? घाबरलेल्या माणसाकडून 'हो' घेऊ नये. आणि..." त्यानं वही डाव्या बगलेत मारली. "दुसरा कुणी साधा नवरा केलात, तर तुमच्या मुलांना भीतीच नाही. माझ्याशी केलंत तर दोनात एक. रेघ काढायचो, पुसायचो. शेवटी वाटलं, पुसायचा हक्क मला एकट्याला नाही. तुमच्या खोडीचा कागद मी बघितला, मग माझी तरी तुम्हाला कळायला हवी."

"मी म्हनलं नव्हतं?" कानिफनाथ मांडीवर थाप मारून ओरडला. "सोयरिकीचाच मानूस हाय म्हनून! सोताचीच सोयरिक घिऊन आला की गडी!"

इसहाकनाना मात्र हसले नाहीत. त्यांनी कल्याणला नव्या जनावराकडे बघावं तसं खालून वरपर्यंत न्याहाळलं. "साहेब, एवढं समदं तोंडावर सांगताय. मागं काय ठिवलं बी न्हाई?"

"नाही, नाना. एवढीच खोड आहे."

हन्नानं हातातला चिमटा खाली ठेवला. ती नानांजवळ गेली, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि म्हणाली, मुद्दाम मोठ्यानं, आजूबाजूच्या चार व्यापाऱ्यांनाही ऐकू जाईल अशी, "माझी ऐका. मला थायरॉईड आहे. जन्माचा. रोज सकाळी एक गोळी लागते, मरेपर्यंत लागेल. आजीला पण होता."

आकाश काही कोसळलं नाही. एका म्हशीनं तेवढी शेपटी हलवली.

मग तिनं कल्याणचा उजवा हात धरला आणि वर टॉवेल टाकला.

टॉवेलखाली त्याचा हात थंडगार होता, उपकेंद्रात होता तसाच. तिनं वाट पाहिली. त्यानं हळूच दोन बोटं पुढं केली. मग त्यातलं एक वाकवलं. दोनात एक... तो शेवटपर्यंत खरं सांगत होता. हन्नाला एकदम भरून आलं. या माणसावर तिनं दोन महिने संशय घेतला होता, आणि दोन महिने तिचं त्याच्यावर प्रेम होतं. दोन्ही एकाच वेळी कसं होतं कोण जाणे.

तिनं ते वाकलेलं बोट चिमटीत धरलं आणि सावकाश सरळ केलं.

"टाचेतून थेंबभर रक्त," ती पुटपुटली. "आणि सकाळची एक गोळी. एवढंच ना? मला येते की द्यायला."

कल्याण हसला. पाऊस नव्हता, तरी त्याच्या पापण्या ओल्या होत्या.

टॉवेलखाली काय ठरलं ते तिसऱ्यानं विचारायचं नसतं, हा बाजाराचा रिवाज. इसहाकनानांनी तो पाळला. फक्त पोरीच्या तोंडाकडे एकदा बघितलं, खिशातून मोबाईल काढला आणि राहुरीला फोन लावून सांगितलं, "रविवारी येऊ नका, पावनं. न्हाई, न्हाई... पोरीचं ठरलं."

मग ते कल्याणकडे वळले. "साहेब, ती वही काढा. माझं खोटं ल्हिलंय तुमी."

"मी काहीच लिहिलं नाही, नाना. जागा तशीच ठेवलीय."

"मंग आता ल्हा. दगडाबाई उजागरे. गळ्याला मुठीएवढी गाठ हुती. पन्नासाव्या वर्षी गेली, म्हातारपनानं न्हाई." त्यांनी वहीकडे बोट केलं. "समदं ल्हा. आता का थांबलाय?"

वही कल्याणच्या डाव्या बगलेत होती. उजवा हात अजून टॉवेलखाली होता, आणि हन्ना तो सोडत नव्हती.